एका हातावरचा हंगाम

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेज खेळाडूच्या कराराचा आकडा जाहीर झाला: १०,५०,०२४ डॉलर. तेव्हाच्या भावाने पावणेनऊ कोटी रुपयांच्या आसपास. दहा लाख डॉलर मुख्य रक्कम, पन्नास हजार राहण्या-जेवण्याच्या खर्चाला आणि वरचे चोवीस तिच्या जर्सीवरच्या २४ या क्रमांकापोटी. खेळाडूचं नाव निजारी कॅनडी. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून दोन हंगाम खेळून ती टेक्सास राज्यातल्या लबक शहरी, टेक्सास टेक विद्यापीठात निघाली होती, आणि हे पैसे त्या विद्यापीठाच्या चाहत्यांनी उभ्या केलेल्या निधीतून एका वर्षासाठी मिळणार होते. ती बास्केटबॉल खेळत नाही, अमेरिकी फुटबॉल तर नाहीच. ती सॉफ्टबॉल खेळते, आणि त्यातलं तिचं मुख्य काम म्हणजे खांद्याखालून चेंडू टाकणं.

क्रिकेटवर वाढलेला माणूस इथे अडखळतो. खांद्याखालून चेंडू आपण टाकतो तो अंगणात चार वर्षांच्या पोराला बॅट धरायला शिकवताना. मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये त्याची आठवण निघते ती १९८१ साली ट्रेव्हर चॅपेलने मेलबर्नला जमिनीवरून सरपटत सोडलेल्या चेंडूमुळे, आणि ती काही अभिमानाने काढावी अशी आठवण नाही. मग नऊ जणींच्या संघात एकीच्या अशा हातावर एवढा पैसा कुणी का लावावा? आणि लावला तो सत्कारणी लागला का? कारण पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, कॅनडीने टेकला पहिल्यांदाच राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत नेलं, थेट विजेतेपदाच्या लढतीपर्यंत नेलं, आणि त्या लढतीच्या निर्णायक सामन्यात एका इनिंगनंतर तिलाच बाहेर बसावं लागलं.

माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: पिचर आणि बॅटर यांच्यामधलं तेरा मीटरचं अंतर. ते इतकं कमी आहे म्हणून एक हात अख्खा हंगाम ओढून नेऊ शकतो, आणि ते इतकं कमी आहे म्हणूनच हंगामाच्या अगदी टोकाला तो हात उघडा पडतो.

तेरा मीटरचं गणित

महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. ज्यांच्या नाही त्यांच्यासाठी एवढंच पुरे: पिचर टप्पा न पाडता थेट चेंडू टाकते, बॅटर तो मारून चार बेसच्या चौकोनाला फेरी घालून घरी परतली की एक रन होतो, तीन जणी बाद झाल्या की पाळी बदलते, आणि दोन्ही संघांच्या सात-सात पाळ्या, म्हणजे सात इनिंग झाल्या की सामना संपतो. आराखडा बेसबॉलचाच. बदलली आहेत ती मापं, आणि खेळाचा सगळा स्वभाव त्या मापांत आहे.

आधी चेंडूला वेग कुठून येतो ते पाहू. पिचर हात पुढून वर, वरून मागे आणि मागून खाली असा खांद्याभोवती पूर्ण फिरवते आणि मांडीपाशी चेंडू सोडते. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात तिचंच हे तत्त्व. गोफणीतल्या दगडाला वेग मिळतो तो मनगटाच्या जोरापेक्षा फेऱ्याच्या लांबीमुळे, आणि दोरीचं टोक सोडण्याचा क्षण केसभर चुकला तरी दगड भलत्याच वाफ्यात जातो. इथे दोरीच्या जागी पिचरचा स्वतःचा हात आहे. त्याच वेळी ती एका पायावर जोर देऊन पुढे झेपावते, आणि चेंडू सुटताना तिचा हात कोपराखाली कमरेला घासून जातो. त्या घासण्याने दंड क्षणभर अडतो, दंडाची गती पुढे मनगटात आणि बोटांत उतरते. सुटण्याची जागा शरीराच्या इतकी जवळ असते की चेंडू नेमका कधी हातातून निघाला हे समोरच्या बॅटरला दिसणं अवघड जातं.

या फेकीचा वेग कॉलेजच्या वरच्या दर्जात ताशी ११० ते ११५ किलोमीटर असतो. क्रिकेटच्या हिशेबात हा जेमतेम मध्यमगती गोलंदाजीचा. पण बॅटरच्या दृष्टीने वेगापेक्षा वेळ महत्त्वाचा. पिचरचा पाय ४३ फुटांवर, म्हणजे १३.१ मीटरवर असतो, आणि झेपावल्यामुळे चेंडू सुटतो तेव्हा तो बॅटरजवळच्या होम प्लेटपासून जेमतेम सव्वाअकरा मीटरवर असतो. ताशी ११२ किलोमीटरने हे अंतर कापायला सेकंदाचा सुमारे ०.३६ भाग लागतो. बेसबॉलमध्ये ताशी १५० किलोमीटरने आलेल्या चेंडूला साधारण ०.४० लागतो, आणि क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूला टप्प्यावर गमावलेला वेग सोडून दिला तरी ०.४५. म्हणजे अंगणातला वाटणारा हा चेंडू तिघांत सर्वांत आधी येऊन पोचतो. टेनेसी विद्यापीठाच्या कार्लिन पिकन्सने मे २०२५ मध्ये ७९.४ मैल, म्हणजे ताशी जवळपास १२८ किलोमीटर वेग नोंदवला, तेव्हा समोरच्या बॅटरच्या वाट्याला सेकंदाचा तिसरा हिस्साही उरला नव्हता.

आता बॅटरची बाजू. डोळ्याने पाहिलेल्या गोष्टीवर स्नायू हलायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. बॅट फिरवून चेंडूपर्यंत आणायला आणखी सातवा हिस्सा धरा. दोन्हींची बेरीज ०.३४ च्या घरात जाते. उरलेल्या शिलकीत विचार करायला जागाच नाही. याचा सरळ अर्थ असा की सॉफ्टबॉलची बॅटर चेंडू बघून मारत नाही. चेंडू सुटण्याआधीचा हात, खांद्याची उंची, कमरेचा झोक, सुटल्यानंतरचा पहिला दीड-दोन मीटरचा प्रवास, एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर ती पुढचं सगळं ताडते आणि ताडलेल्या जागी बॅट नेते. बॅटिंग म्हणजे इथे भाकीत आहे.

वर न चढणारा चेंडू

हे भाकीत चुकवण्याचं सर्वांत प्रसिद्ध हत्यार म्हणजे राइजबॉल. नावाप्रमाणे तो बॅटजवळ येताना उसळी मारून वर चढतो असं खेळाडू सांगतात, समालोचक सांगतात, आणि टीव्हीवर पाहताना आपल्यालाही तसं वाटतं. प्रत्यक्षात तो तसा चढत नाही. चेंडूला उलटी फिरकी दिली की त्याच्याभोवतीची हवा खालच्या बाजूला ढकलली जाते आणि चेंडूला वर उचलणारा जोर मिळतो, हे खरं. पण सॉफ्टबॉल १२ इंच घेराचा आणि सहा-सात औंसांचा, बेसबॉलपेक्षा चांगलाच जड आहे. त्या वेगाला मिळणारा उचल-जोर त्याच्या वजनाइतका भरत नाही, जेमतेम निम्म्याच्या आसपास जातो. गुरुत्वाकर्षण जिंकतंच.

मग वर चढल्यासारखं का वाटतं? एक तर चेंडू मांडीपासून सुटतो आणि छातीच्या उंचीकडे निघतो, म्हणजे वाट मुळातच चढती. दुसरं असं की फिरकी नसती तर एवढ्या वेळात चेंडू साठेक सेंटिमीटर खाली आला असता. बॅटरच्या मेंदूत हजारो चेंडूंच्या सरावाने तेवढी घसरण गृहीत धरलेली असते. राइजबॉल त्यापेक्षा कमी घसरतो, बॅट गृहीत जागी जाते आणि चेंडू तिच्यावरून निघून जातो. फसते ती अपेक्षा. चेंजअपचंही तसंच. हात त्याच झपाट्याने फिरतो, पकड बदललेली असल्यामुळे चेंडू मात्र कितीतरी सावकाश येतो, आणि बॅटर त्याच्या आधीच फिरून मोकळी झालेली असते.

अपेक्षा किती निर्णायक असते याचा पुरावा २००४ सालचा आहे. बेसबॉलमधल्या नामांकितांच्या एका प्रदर्शनीय सॉफ्टबॉल सामन्यात जेनी फिंच पिचर म्हणून उतरली. ही तीच फिंच जिने २००१ मध्ये अॅरिझोना विद्यापीठाकडून ३२ सामने जिंकले आणि एकही गमावला नाही. तिने अल्बर्ट पूहोल्स, माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स या तिघांना एकापाठोपाठ बाद केलं. या मंडळींची नजर कमी पडली असं कोण म्हणेल? रोजच्या कामात ते याहून वेगवान चेंडू मारत होते. पण त्यांची सगळी ताडण्याची विद्या खांद्यावरून येणाऱ्या हाताची होती. मांडीजवळून सुटणाऱ्या चेंडूची त्यांच्या डोक्यात नोंदच नव्हती, आणि नोंदीशिवाय ०.३६ सेकंदात कुणालाच काही करता येत नाही. माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू इथेच आहे. नोंद नसताना हा हात अजिंक्य वाटतो. नोंद तयार होत गेली की?

चौकट: मापांत खेळ
पिचर ते होम प्लेट: सॉफ्टबॉल ४३ फूट, बेसबॉल साडेसाठ फूट. दोन बेसमधलं अंतर: ६० फूट आणि ९० फूट. इनिंग: ७ आणि ९. बेसबॉलचा पिचर मातीच्या उंचवट्यावरून फेकतो, सॉफ्टबॉलची पिचर सपाट जमिनीवर आखलेल्या आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळातून. पाच इनिंगनंतर एक संघ आठ रननी पुढे असेल तर सामना तिथेच थांबतो. १९८८ पर्यंत कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४० फुटांवरून टाकत असे. बॅटर फारच हतबल ठरू लागल्या म्हणून तिला तीन फूट मागे नेलं.

फेब्रुवारी ते जून

अमेरिकेत विद्यापीठांच्या वरच्या श्रेणीत सुमारे तीनशे महिला सॉफ्टबॉल संघ आहेत. एवढे संघ असण्यामागे १९७२ चा 'टायटल नाइन' हा कायदा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही असं त्याने ठरवलं, आणि खेळही त्यात आले. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्या वेळी उत्तरेकडची मैदानं बर्फाखाली असतात, म्हणून मिशिगनचे नि विस्कॉन्सिनचे संघ बॅगा भरून फ्लोरिडाला, कॅलिफोर्नियाला, कधी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जातात. शुक्रवार ते रविवार चार-पाच सामने, बहुतेक वेळा प्रत्येक सामना वेगळ्या संघाशी. नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात.

या वेळापत्रकाची मेख तिथेच आहे. फेब्रुवारीत प्रत्येक प्रतिस्पर्धी तुमच्या पिचरला एकदाच भेटतो. सात इनिंगमध्ये एका बॅटरच्या वाट्याला साधारण तीन संधी येतात. पहिल्या संधीत ती वेग मोजते, दुसऱ्या संधीत फिरकी ओळखू लागते, तिसऱ्या संधीत काहीतरी हाती लागतंय असं वाटेपर्यंत सामना संपतो आणि तिची बस विमानतळाकडे निघते. एक उत्तम हात असलेल्या संघाला यापेक्षा सोयीची रचना कुणी मागूनही देणार नाही.

मार्चमध्ये चित्र बदलतं. आता विद्यापीठं आपापल्या गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये खेळतात. शनिवार-रविवारला जोडून एकाच संघाशी लागोपाठ तीन सामने. तोच हात दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा दिसतो. मेमध्ये ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा निवडली जाते. आपण किती जिंकलो, आपले प्रतिस्पर्धी किती जिंकले आणि त्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी किती जिंकले, असा तीन थरांचा एक निर्देशांक निवडसमितीच्या हाताशी असतो. त्यात फेब्रुवारीतला विजय मेमधल्या विजयाइतकाच मोजला जातो. म्हणजे एका हाताने आधी कमावलेली पुंजी पुढे मानांकन होऊन परत येते, आणि पहिल्या सोळा मानांकितांना पहिली फेरी घरच्या मैदानावर खेळायला मिळते. अर्थात घर म्हणजे हमी नव्हे. २०२५ मध्ये अव्वल मानांकित टेक्सास ए अँड एम आपल्याच मैदानावर लिबर्टी विद्यापीठाकडून हरून पहिल्या फेरीत बाहेर पडला. अव्वल मानांकिताच्या बाबतीत असं आधी कधी घडलं नव्हतं.

पहिल्या फेरीत चार-चार संघांचे सोळा गट असतात आणि दोन पराभव झाल्याशिवाय कुणी बाद होत नाही. दुसऱ्या फेरीत दोन संघ समोरासमोर, तीनपैकी दोन जिंकायचे. उरलेले आठ संघ ओक्लाहोमा सिटीला जमतात. १९९० पासून जवळजवळ दरवर्षी ही अंतिम स्पर्धा तिथेच भरते, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं सॉफ्टबॉलही त्याच मैदानावर ठेवलं आहे. तिथे पुन्हा दोन पराभवांचा नियम, आणि शेवटच्या दोघांत पुन्हा तीनपैकी दोन. वर वर हे उदार वाटतं. हरलेल्याला आणखी एक संधी मिळते. पण पिचरच्या अंगाने पाहिलं तर याचा अर्थ असा की हंगाम जसजसा टोकाला जातो तसतसे तेच चेहरे तिच्यासमोर पुन्हा पुन्हा येत राहतात. फेब्रुवारीतली रचना नोंद होऊ देत नव्हती. जूनमधली रचना नोंद करायलाच बसवते.

तिसरी भेट

२०२१ मध्ये व्हर्जिनियातलं जेम्स मॅडिसन विद्यापीठ मानांकन नसताना ओक्लाहोमा सिटीला पोचलं ते ओडिसी अलेक्झांडर या पिचरच्या जोरावर. पहिल्याच सामन्यात तिने बलाढ्य ओक्लाहोमाला ४-३ असं हरवलं. ओक्लाहोमा हरलेल्यांच्या बाजूने झगडत वर आलं आणि दोघांची पुन्हा गाठ पडली. दुसऱ्या भेटीत ओक्लाहोमा ६-३ ने जिंकलं, तिसऱ्या भेटीत ७-१ ने. जेम्स मॅडिसनची मुख्य पिचर तिन्ही वेळा तीच होती. समोरच्यांचे रन बघा: तीन, सहा, सात.

२०२५ ची अंतिम लढत टेक्सास टेक आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ यांच्यात झाली. कॅनडीने त्याआधी ओल मिस, यूसीएलए आणि चार वर्षं सलग विजेतं राहिलेलं ओक्लाहोमा यांना एकटीने रोखलं होतं. पहिल्या सामन्यात टेक सहाव्या इनिंगपर्यंत १-० ने पुढे होतं. ऑस्टिनच्या दोन खेळाडू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, आणि बॅटिंगला रीस अॅटवुड. टेकने ठरवलं की तिला मारायलाच द्यायचं नाही. मुद्दाम चार चेंडू लांब टाकून तिला फुकट पहिल्या बेसवर पाठवायचं. हा नेहमीचा डाव आहे, त्यात काही गैर नाही. पण त्यातला एक चेंडू लांब म्हणावा इतका लांब गेला नाही. अॅटवुड पुढे झुकली आणि तिने तो डावीकडे मारला. दोन्ही खेळाडू घरी आल्या, सामना २-१ असा ऑस्टिनने घेतला. हे मी नुसती गंमत म्हणून सांगत नाही. ताकदीने टाकायची सवय असलेल्या हाताला मुद्दाम वाईट टाकणं अवघड जातं, आणि चेंडू आवाक्यात येतोय हे अॅटवुडने ओळखलं ते त्या ०.३६ सेकंदाच्या हिशेबातच. दुसरा सामना टेकने ४-३ ने जिंकला. तिसऱ्यात ऑस्टिनने पहिल्याच इनिंगमध्ये पाच रन केले आणि कॅनडीला बदलावं लागलं. सामना १०-४ ने गेला. दहातले पाच रन नंतरच्या पिचरांवर आहेत, हे मान्य. तरी कॅनडीच्या पदरात पडलेला क्रम दोन, तीन आणि एका इनिंगमध्ये पाच असा राहतो.

दोन उदाहरणांवर नियम बांधू नये, आणि उलटं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. २००७ मध्ये अॅरिझोनाच्या टॅरिन मोवॅटने आठही सामने एकटीने टाकले. ६० इनिंग, हजारावर चेंडू, आणि विजेतेपद. अंतिम लढतीत टेनेसीने तिच्यावर पहिल्या सामन्यात तीन रन केले, दुसऱ्या सामन्यात दहा इनिंग होऊनही शून्य, तिसऱ्यात शून्य. म्हणजे तिसऱ्या भेटीत ती अधिकच अवघड झाली! पण त्याच लढतीची दुसरी बाजू बघायला हवी. टेनेसीची पिचर होती मोनिका अॅबट, पुढे कितीतरी वर्षं जगातल्या सर्वांत वेगवान फेकीचा विक्रम जिच्या नावावर राहिला ती. अॅरिझोनाने तिच्याविरुद्ध केलेले रन: शून्य, एक, पाच. दोन्ही संघ एकेका हातावर उभे होते, कुणीतरी जिंकणारच होतं. मोवॅटचं यश माझ्या म्हणण्याला छेद देतं, आणि मी ते झाकत नाही. त्या अर्ध्या उदाहरणाविरुद्ध अॅबटचं अर्धं उदाहरण उभं राहतं, एवढंच म्हणतो. शिवाय २००७ नंतर बॅटरच्या हाती बरंच काही आलं. प्रत्येक फेकीचं चित्रीकरण, सुटण्याच्या कोनाचं विश्लेषण, जास्त जोराने चेंडू उडवणाऱ्या बॅट. २०२१ मध्ये एकट्या ओक्लाहोमाने हंगामात १६१ होम रन मारले, आणि त्यांच्या जोसलिन अॅलोने २०२२ मध्ये कॉलेजची कारकीर्द संपवली तेव्हा तिच्या नावावर १२२ होते. १९८८ मध्ये पिचरला मागे न्यावं लागलं होतं. आता बॅटरच्या बाजूचं पारडं बरंच भरलं आहे.

थकवा की ओळख?

सर्वांत वजनदार आक्षेप असा: हा सगळा थकव्याचा खेळ आहे, ओळखीबिळखीचा नाही. आठवडाभर रोज टाकणारा हात शेवटी मंदावतो, यात कसलं गणित? या आक्षेपाला मी सहजी उडवून लावणार नाही, कारण सॉफ्टबॉलमध्ये थकव्याबद्दल उलट दिशेने एक गैरसमज फार काळ चालत आला. खांद्याखालून फेकणं शरीराला नैसर्गिक, त्यामुळे हात दुखावत नाही, म्हणून पिचरला रोज टाकायला लावलं तरी चालतं, असं प्रशिक्षक म्हणत. बेसबॉलचा मुख्य पिचर एकदा टाकल्यावर चार-पाच दिवस विश्रांती घेतो. सॉफ्टबॉलमध्ये तसा रिवाज नाही, आणि कॉलेज पातळीवर चेंडूंच्या संख्येला नियमाने मर्यादाही नाही. शरीरयांत्रिकीच्या अभ्यासकांनी मोजून पाहिलं तेव्हा दिसलं की चेंडू सुटताना हात खांद्याच्या सांध्यातून बाहेर खेचणारा जोर जवळपास खेळाडूच्या वजनाइतका असतो, आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर खांद्यावरून फेकण्यापेक्षा जास्त भार पडतो. नैसर्गिक वगैरे काही नाही. २०२२ पासून अंतिम स्पर्धेच्या वेळापत्रकात विश्रांतीचे दिवस वाढवले गेले ते उगीच नव्हे. तरीही विजेतेपदाचे तीन सामने ओळीने तीन दिवसांत होऊ शकतात. २०२५ मध्ये झालेच.

तेव्हा थकवा आहेच. पण नुसत्या थकव्याने हिशेब पुरा होत नाही. फेब्रुवारीतही हाच हात तीन दिवसांत दोन-तीनदा टाकतो आणि रविवारच्या सामन्यात कोसळत नाही. जूनमध्ये समोरचे संघ अधिक तगडे असतात, हे खरं. तरी मोठा फरक हा की जूनमध्ये त्या तीन दिवसांत समोरच्या नऊ जणी त्याच असतात आणि प्रत्येकीने तोच हात आठ-नऊ वेळा जवळून पाहिलेला असतो. शिवाय थकवा आणि ओळख एकमेकांना हात देतात. दमलेली पिचर वेग तीन-चार किलोमीटरने गमावते, चेंजअप आणि वेगवान चेंडू यांतली दरी कमी होते, हात सुटण्याची उंची थोडी ढळते. हे सगळं बॅटरला वाचायला मिळालेलं जादा पान.

दुसरा आक्षेप ऑस्टिनच्या बाजूने येईल. त्यांचंही विजेतेपद टीगन केव्हन या एका पिचरवरच उभं नव्हतं का? स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान तिलाच मिळाला. बरोबर. पण अंतिम लढतीचा दुसरा सामना बघा. त्या दिवशी प्रशिक्षक माइक व्हाइट यांनी केव्हनला बसवलं आणि तिच्या तीन सहकारी पिचरांना वाटून इनिंग दिल्या. सामना हातचा गेला, अगदी थोडक्यात गेला. मात्र तिसऱ्या दिवशी टेकच्या बॅटर केव्हनला लढतीत दुसऱ्यांदाच बघत होत्या आणि तिचा हात ताजा होता. कॅनडीला मात्र ऑस्टिनच्या बॅटर तिसऱ्यांदा, तेही लागोपाठ तिसऱ्या दिवशी बघत होत्या. ऑस्टिनचा पहिला हात टेकच्या पहिल्या हातापेक्षा सरस होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दुसरा, तिसरा, चौथा होता, आणि एक दिवस निभावण्यापुरता तो पुरेसा होता. २०२३ मध्ये ६२ पैकी ६१ सामने जिंकणाऱ्या ओक्लाहोमाकडेही तीन पिचर होत्या, तिघींची फेक तीन तऱ्हांची.

दुसरा हात

मग दहा लाख डॉलर वाया गेले का? मुळीच नाही, आणि इथे माझं मत हिशेबनिसाच्या बाजूने आहे. ज्या विद्यापीठाने अंतिम आठांत कधी पाऊल टाकलं नव्हतं ते एका खेळाडूच्या भरतीनंतर पहिल्याच वर्षी ५४ सामने जिंकून विजेतेपदापासून एका सामन्यावर आलं. एवढ्या पैशात दहा चांगल्या बॅटर आणल्या असत्या तरी इथवरची वाट इतकी जवळची झाली असती असं मला वाटत नाही. बॅटर दर सामन्यात तीन-चारदा खेळाला हात लावते, पिचर प्रत्येक चेंडूला. एका हाताची किंमत मोजणाऱ्यांचं गणित हंगामाच्या नव्वद टक्क्यांपुरतं अगदी चोख होतं.

ती अंतिम लढत संपली ६ जून २०२५ च्या रात्री. त्याच दिवशी कॅलिफोर्नियात न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली, आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना स्वतःच्या तिजोरीतून थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षासाठी मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. सॉफ्टबॉल संघात जास्तीत जास्त पंचवीस जणी. आता पैसा कुठल्या जागी लावायचा याचा विचार प्रत्येक प्रशिक्षकाला करावा लागणार.

टेक्सास टेकने काय केलं ते त्या उन्हाळ्यात दिसलं. कॅनडीला त्यांनी पुन्हा दहा लाखांच्या वरचा करार देऊन राखून ठेवलं. इतर विद्यापीठांतून दमदार बॅटर आणल्या. आणि यूसीएलएकडून केटलिन टेरी ही दुसरी पिचर घेतली. कॅनडी उजव्या हाताने टाकते, टेरी डावखुरी आहे.